बदकाची अंडी आणि सात दिवस

एका तळ्याकाठच्या गावात एक कोंबडीवाली होती. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली, की गावातल्या बायका आधी तिच्याकडे धाव घ्यायच्या. काकी, किती अंडी ठेवू? काकी, कुठे बसवू? आणि काकीला त्याचा भारी तोरा! कुणाचं ऐकून घेणं म्हणून तिला ठाऊक नव्हतं.

त्याच गावात, अगदी तळ्याला लागून, एक बदकवाली राहायची. तिच्याजवळ एकच मादी उरली होती. पाच अंडी घालून ती बसणार, तोच मुंगसाने तिला मारलं. बदकवाली रडतच अंडी पदरात घेऊन काकीच्या दारात आली.

"काकी, तुमच्या खुडूक कोंबडीखाली एवढी पाच घ्या हो. ही गेली तर माझ्याकडे बदकाचं नाव राहणार नाही."

"आण इकडं. माझी नऊ आहेत, त्यांच्यातच ठेवते."

"पण काकी, बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. आधी माझी ठेवा, तुमची आठवड्याने घाला. म्हणजे सगळी एकदमच निघतील."

"तू मला शिकवतेस? अंडं ते अंडं. एकविसाव्या दिवशी ये आणि पिल्लं घेऊन जा!"

झालं. चौदा अंडी एकाच दिवशी कोंबडीखाली गेली. बदकाची अंडी मोठी, ती काही कोंबडीला उलटवता येईनात. म्हणून काकीने त्यांच्या एका अंगाला कोळशाची खूण केली आणि रोज स्वतःच्या हाताने उलटवली. कष्टात तिने कसूर केली नाही, हेही सांगायलाच हवं.

एकविसावा दिवस उजाडला. दुपारपर्यंत काकीची नऊच्या नऊ पिल्लं बाहेर आली. बदकाच्या अंड्यांना मात्र साधी चीरसुद्धा नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी पिल्लं बांबूच्या डालग्यातून बाहेर पळाली आणि त्यांच्यामागे कोंबडीही उठली. काकीने तिला धरून बसवलं. पिल्लं चिवचिवली, ती पुन्हा उठली. दिवस थंडीचे होते, वारा बोचरा. काकीने एक अंडं गालाला लावलं. अंडं गार पडायला लागलं होतं!

ती अंडं घेऊन कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या कवडशात गेली. ते उजेडापुढे धरलं, तर कवचाच्या आत काळोख दाटला होता, आणि त्या काळोखात काहीतरी हललं.

"अहो, जिवंत आहेत ही!" ती ओरडली.

नवरा ओट्यावरून म्हणाला, "असू देत की. त्या बदकवालीला सांग, नासली. तुझ्या शब्दापुढं कोण बोलणार आहे? आणि चुकलीस असं कळलं, तर उद्या तुझ्या दारात कोण येईल?"

खरंच होतं ते. एक शब्द टाकला असता, तर ती सुटली असती. काकी अंडं हातात धरून उभी राहिली. मान खाली घालायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. पण हातातलं अंडं क्षणाक्षणाला गार होत होतं, आणि ते हललेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने पाचही अंडी गोधडीत गुंडाळून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "हलायचं नाही!" एवढंच म्हणाली. मग नऊ पिल्लं टोपलीत घातली, वर फडकं टाकलं आणि तळ्याकडे धावत सुटली.

"बाई, चूक माझी झाली," ती धापा टाकत बोलली. "पिल्लांचा आवाज ऐकू येतोय तोवर कोंबडी बसायची नाही. ही तुझ्याकडे ठेव. सात दिवस सांभाळ."

बदकवाली संतापली. "मी सांगितलं होतं ना काकी? हात जोडून सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. नंतर हव्या तेवढ्या शिव्या दे, आत्ता टोपली घे."

बदकवालीने टोपली घेतली.

घर शांत झाल्यावर कोंबडी थोडा वेळ सैरभैर फिरली, मग मुकाट्याने अंड्यांवर येऊन बसली. अंडी जगली की गेली, कुणास ठाऊक. काकीने ते सात दिवस जीव मुठीत धरून काढले. दाणापाणी ती कोंबडीच्या चोचीपुढे नेऊन ठेवायची. अंगणात कुणी मोठ्याने बोललं तरी त्याच्या अंगावर धावून जायची.

अठ्ठाविसावा दिवस आला. दुपार टळली तरी काही नाही. काकी डालग्यापासून हलेना. उन्हं कलली आणि एका अंड्यावर बारीक चीर उमटली. मग दुसऱ्यावर. अंधार पडायच्या आत चार पिल्लं ओलीचिंब बाहेर आली. पाचवं अंडं तसंच राहिलं.

बदकवाली धावत आली, पण दारातच थबकली. टोपली तिने छातीशी घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"काकी, सातच राहिली. दोन घारीने नेली. मी दाराशीच होते हो, तरी नेली."

काकीने तिच्या हातातली टोपली घेतली, खाली ठेवली आणि तिला जवळ ओढलं.

"तुझं एक माझ्याकडून गेलं बाई," ती म्हणाली, "आणि मी तर तुझं ऐकलंही नव्हतं. तू मात्र माझी सात जगवलीस."

मग दोघी डालग्यापाशी बसल्या आणि पोटभर रडल्या.

या गोष्टीचं तात्पर्य असं: दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं की ते आपले दिवस भरल्यावर संपत नाही, त्याचे दिवस भरल्यावरच संपतं, आणि मध्ये चुकलो, तर ती चूक वेळेवर कबूल केल्यानेच ते काम वाचतं.