आवडूचा वाटा

सांडखोलला अजून नाव पडलं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. किनाऱ्यावर केवड्याची बनं होती, उंडीची झाडं होती, पण माणूस नव्हतं. मग घाटावर ओळीनं काही वर्षं पाऊस चुकत गेला. विहिरी आटल्या, गुरं मेली, आणि काही घरं डोक्यावर गाडगी-मडकी घेऊन घाट उतरून आली. पुढं जायला जमीन उरली नाही, तिथं ती थांबली. तेच आपले पूर्वज, असं म्हणतात.

त्यांना नांगर ठाऊक होता, मेंढरं ठाऊक होती. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. खाडीपलीकडच्या एका म्हाताऱ्या कोळ्याला त्यांची दया आली. त्यानं एक जुना पाग दिला, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, आणि थोडे गळ दिले. बाकीचं समुद्रच शिकवील, असं सांगून तो आपल्या होडीत बसून गेला.

समुद्रानं शिकवलं, पण फार कठोरपणे. माणसं कधीही उठून मासे धरायला जात. कधी टोपली भरे, कधी दिवसभर उभं राहून शेवाळ हाती येई. किनाऱ्यासमोर काळ्या दगडाचं एक रुंद खडप होतं. ओहोटी लागली की ते उघडं पडे, आणि मासे तिथंच जास्त मिळत. पण खडप आणि वाळू यांच्या मधे एक खोल नाळ होती. भरतीचं पाणी आधी या नाळेत शिरायचं. खडपावर उभ्या माणसाचं तोंड समुद्राकडे, आणि वाट मागच्या मागं बुडायची.

सुभाना नावाचा एक तरुण तसाच गेला. त्याची बायको आवडू वाळूवर उभी राहून हाका मारत होती. लाटांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, आणि ऐकू गेलं तेव्हा नाळ भरली होती. त्याला पोहता येत नव्हतं. आपल्यातल्या कुणालाच येत नव्हतं.

त्यानंतर आणखी माणसं गेली. तेव्हा सगळ्यांत वडील होता तो गोमाजी म्हणाला, "हा दर्या आपल्याला नको म्हणतोय. परत वर जाऊ."

"वर काय आहे, मामा?" आवडूनं विचारलं.

गोमाजीनं वर घाटाकडे पाहिलं; तिथं अजून सगळं करपलेलंच होतं.

"मला या पुनवेपासून पुढच्या पुनवेपर्यंत थांबू द्या," ती म्हणाली. "हे पाणी केव्हा येतं, केव्हा जातं, ते मी बघते."

"बघून काय होणार, पोरी?"

"माझा माणूस न बघता गेला. म्हणून बघायचं."

ती उंडीच्या झाडाखाली जाऊन बसली. पाणी जिथवर चढे तिथं वाळूत खुंटी मारी. बायका तिला भाकरी आणून देत, ती खाई आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसे. असं म्हणतात, चंद्र तिच्याशी बोलायचा. असंही म्हणतात, की पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी संध्याकाळी तिच्या शेजारी येऊन बसे, आणि वाळूवर पावलं मात्र आवडूचीच उमटत.

पुढची पुनव आली तशी ती उठली. तिनं सगळ्यांना खुंट्यांपाशी नेलं आणि सांगितलं, "पाणी रोज दोन घटका उशिरा येतं. चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. दोघं एका दाव्याला बांधलेत. अवसेला आणि पुनवेला पाणी फार वर चढतं आणि फार मागं जातं, ते उधाण. अर्ध्या चंद्राला, अष्टमीच्या सुमाराला, ते धड चढत नाही, धड उतरत नाही. तेव्हा घरी बसून जाळी शिवावी. आणि ओहोटी संपून पाणी फिरलं, की खेकडे, कोळंबी हलायला लागतात, त्यांच्या मागं बोय, पालू असले मासे येतात, अगदी वाळूपर्यंत. तेव्हा पाग टाका. पण खडपावर असाल तर तेव्हाच परत फिरा."

लोकांनी तसं केलं. त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक चुलीवर मासा शिजला. बायकांनी पहिली टोपली आवडूपुढं आणून ठेवली, आणि तिनं समुद्राला हात जोडले. गोमाजीला ते पाहवेना.

"ज्यानं तुझा नवरा नेला, त्याला हात जोडतेस?"

"त्यानं नेला नाही, मामा. त्याची यायची वेळ झाली होती. आपल्याला ठाऊक नव्हतं."

पुढं वस्ती वाढली, पोरं धष्टपुष्ट झाली. आणि मग एका वर्षी होळीच्या पुनवेचं उधाण आलं. धुळवडीच्या सकाळी पाणी इतकं मागं गेलं, की कुणी कधी न पाहिलेले दगड वर आले. फटीफटीत मासे तडफडत होते. सारा गाव खडपावर गेला. आवडूनं वाळूवरून हाक दिली, "पाणी फिरलं." माणसं म्हणाली, एवढी टोपली भरू दे. तिनं पुन्हा हाक दिली. माणसं दुसरी टोपली भरू लागली.

तेव्हा ती हाक मारायची थांबली. तिनं जाळ्याचा लांब दोर उंडीला बांधला, दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि नाळेत उतरली. मधोमध जाऊन उभी राहिली. तिला पाण्यात पाहून माणसं भानावर आली. दोर धरून, तिच्या खांद्याला हात लावून एकेक जण पलीकडे गेला. आधी पोरं, मग बायका. पाणी तिच्या छातीला लागलं, गळ्याला लागलं. असं म्हणतात, तिथं ते थांबलं. लाट उभी राहिली आणि खाली पडेना. सगळ्यांत शेवटी गोमाजी आला, त्यानं तिचा हात धरला, आणि दोघं वाळूला लागली तेव्हा मागं समुद्र मोकळा झाला.

गोमाजी वाळूवर बसून रडला. मग त्यानं विचारलं, "पाणी थांबवलंस कसं गं?"

"थांबलं नाही काही," ती म्हणाली. "तुम्ही भराभर आलात."

पण गावानं तिचं ऐकलं नाही. गाव अजून म्हणतं, पाणी थांबलं होतं.

आवडू पुष्कळ जगली. तिचे केस पांढरे झाले, सगळा गाव तिला आई म्हणू लागला. ती गेली ती एका अष्टमीला, दुपारी, झोपेत. असं म्हणतात, त्या दिवशी सांडखोलच्या किनाऱ्याला पाणी हललंच नाही. खाडीपलीकडच्या होड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि लोकांनी तिला पोहोचवल्यावर मगच भरती लागली.

आजही उधाणाला आपली माणसं खडपावर जातात, तेव्हा एक जण मासे धरत नाही. तो वाळूवर उभा राहतो आणि नुसतं पाणी बघतो. गावात नवी सून आली की पहिल्या उधाणाला हा मान तिचा. तिनं "फिरा" म्हटलं की सगळे फिरतात. गळाला केवढाही मासा लागलेला असो, म्हातारा असो, खोत असो, दोर सोडून माघारी येतो. मग वाळूवर मासे ओततात, वाटे घालतात. पहिला वाटा, सगळ्यांत चांगला, जिनं एकही मासा धरला नाही तिचा. त्याला आवडूचा वाटा म्हणतात, आणि तो उचलल्याशिवाय कुणी आपल्या वाट्याला हात लावत नाही.