बारा पत्रे आणि एक नाव

एका गावात एकच भट्टी होती आणि तिची किल्ली हौसाबाईच्या कमरेला असे. भट्टी गावाची, राखण तिची. दिवाळी जवळ आली की घरोघरच्या बाया पीठ-तूप-साखर मळून डब्यातून तिच्याकडे आणत, तिथेच ओट्यावर बसून नानकटाया वळत. कुणाची कुठली हे कळावे म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली होती. कुणी वर चारोळी दाबी, कुणी नखाने फुली काढी, कुणी बोटाचा खळगा ठेवी. वीस वर्षांत हौसाबाईने एका घरची नानकटाई दुसऱ्या घरी जाऊ दिली नव्हती.

त्या वर्षी नानकटाया मांडून भाजायचे भट्टीचे जुने पत्रे संपले. गंजून गंजून त्यांना भोके पडली. तेव्हा भांड्यांचे व्यापारी भिकूशेठ पुढे आले आणि म्हणाले, "गावाला बारा नवे पत्रे माझ्याकडून." गाव खूश झाले. हौसाबाईही खूश झाली. खोटे कशाला बोला, पत्रे होतेच तसे. जाड, काठ वळवलेले, तोंड पाहून घ्यावे इतके लख्ख.

फक्त प्रत्येक पत्र्याच्या मधोमध तळहाताएवढे एक लेबल होते. त्यावर फेटा बांधलेले भिकूशेठ हसत होते आणि खाली लिहिले होते, 'भिकूशेठ यांजकडून सप्रेम भेट'. पत्रे द्यायचा समारंभ झाला. नारळ एका फटक्यात फुटला, भाषणाला मात्र अर्धा तास लागला.

दिले की नाव लावायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. देवळाच्या पायरीवर नाव, पाणपोईवर नाव, शाळेतल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव. पंखा फिरायला लागला की ते वाचताही येत नाही. असो. पण पंख्यावर कुणी नानकटाई भाजत नाही.

हौसाबाईने एक लेबल नखाने उचकटून पाहिले. कागद वरवर निघाला, खालचा चिकटा तसाच राहिला. बोट लावले तर बोटच सुटेना. तिने वास घेतला आणि ओट्यावरच्या बायांना सांगितले, "हे पत्रे असे आत जायचे न्हाईत. आधी चिकटा काढायचा."

बायांचा जीव टांगणीला लागला. वसुबारस दुसऱ्या दिवशी, आणि इथे डबे भरून पीठ मळलेले.

"अगं हौसाक्का, आगीत गेलं की जळून जाईल की ते," गोदाक्का म्हणाली. ती बायांमधली सगळ्यांत बोलकी.

"जळून जाईल कुठं? तुझ्या नानकटाईतच."

"मग शेठच्या तोंडाच्या कडेकडेनं मांडू."

"तू मांडशील कडेनं. वास कडेनं जातो व्हय?"

बाया कुरकुरल्या. एका कागदासाठी हिने गावाची दिवाळी अडवली, असे म्हणाल्या. नाचता येईना अंगण वाकडे, असेही कुणी पुटपुटले. हौसाबाईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिने लेबलांवर कोमट पाणी ओतले, कागद भिजू दिला आणि सोलून काढला. मग चिकट्यावर गोडेतेल चोळले आणि घटकाभर तसेच ठेवले. त्यावर खायचा सोडा भुरभुरला आणि नारळाच्या काथ्याने गोल गोल घासायला घेतले. सुरी लावली नाही. नव्या पत्र्यावर ओरखडा पडला की तिथूनच गंज धरतो, हे तिला जुन्या पत्र्यांनी शिकवले होते. शेवटी कढत पाण्याने धुतले. बोट फिरवले तर बोट सरळ घसरत गेले.

असे तीन पत्रे साफ निघाले. तोवर कुणीतरी चुगली केलीच. भिकूशेठ सरपंचांना घेऊन तरातरा भट्टीवर आले.

"माझं नाव कुणी काढलं?"

"मी."

"का?"

"चिकटत होतं."

"बाई, पत्रे माझे आहेत!"

"दिलेत न्हवं? मग गावाचे झाले."

सरपंच मध्ये पडले. भिकूशेठ पुढच्या वर्षी देवळाला घंटा देणार होते, ते त्यांच्या ध्यानात होते. "हौसाबाई, देणाऱ्याचं मन मोडू नये," ते म्हणाले. "लेबलं राहू द्या आणि पत्रे आत घाला. नाहीतर किल्ली दुसऱ्या कुणाकडं द्यावी लागेल."

किल्ली गेली म्हणजे भट्टी गेली. आणि नवरा गेल्यापासून हौसाबाईला याच भट्टीने कुणापुढे हात पसरू दिला नव्हता. हे सगळ्या बायांना ठाऊक होते. मघाशी तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या आता खाली बघत बसल्या. गोदाक्काने हळूच हौसाबाईचा पदर ओढला. सोड की, एवढे काय त्यात, असा त्याचा अर्थ होता.

हौसाबाईने तेलाचे हात पदराला पुसले. कमरेची किल्ली काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"ही किल्ली. घ्या. पर माझ्या हातानं चिकट पत्रा आत जाणार न्हाई. शेठचा न्हाई, राजाचा आला तरी न्हाई."

भिकूशेठ लालबुंद झाले. "बाजूला हो! मीच घालतो. पहिला पत्रा माझ्या घरचा. बघू काय होतंय!"

शेठच्या घरच्या नानकटाया वळून तयारच होत्या. त्यांची खूण वर एक बेदाणा. शेठनी त्या लेबलाच्या पत्र्यावर मांडल्या, एक तर बरोबर आपल्या फेट्यावर ठेवली, आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रा सकाळपासून तापत ठेवलेल्या भट्टीत सारला.

थोड्या वेळाने भट्टीतून काळा धूर आला. मग वास आला. चुलीत चप्पल पडल्यावर येतो तसा. शेठनी खोकत खोकत पत्रा बाहेर ओढला. वरून नानकटाया झकास दिसत होत्या, बदामी, छान तडकलेल्या. "बघा! काय बिघडलं?" असे म्हणत त्यांनी एक उचलली. ती सुटेना. जोर केला तेव्हा बुडाला काळा डिंक आणि अर्धा जळका फेटा घेऊन वर आली.

"घ्या, खाऊन बघा," शेठ म्हणाले. सरपंचांना एकदम सुपारीची आठवण झाली आणि ते खिसे चाचपू लागले. दुसऱ्या कुणीही हात पुढे केला नाही.

ओट्याच्या कोपऱ्यात शेठची आई, ठकूआजी, बसली होती. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. चकली, करंजी, शंकरपाळी यांच्याशी तिचे नाते कधीच तुटले होते. तोंडात घातली की विरघळते ती नानकटाई, म्हणून तेवढीच तिची दिवाळी. तिने हात पुढे केला आणि लेकाच्या हातातली नानकटाई तोंडात घातली.

म्हातारीने डोळे मिटले, तोंड वाकडे केले आणि घास हातावर काढला.

"भिक्या," ती म्हणाली, "तुझ्या नावाला वास येतोय रे."

कुणी हसले नाही. हसले असते तर शेठना बरे वाटले असते, निदान चिडता आले असते. आजीने काथ्याचा बोळा त्यांच्यापुढे सरकवला. "बस खाली. ज्यानं लावलं त्यानं काढावं."

भिकूशेठ मांडी घालून बसले. डिंक एकदा जळला की दसपट हट्टी होतो. त्या एका पत्र्याने त्यांना घाम फोडला. हौसाबाई डोक्यावर उभी होती. "गोल घासा, शेठ. सुरी न्हाई!" बायांनी पदर खोचले आणि उरलेले आठ पत्रे वाटून घेतले. गोदाक्काने एकटीने दोन घासले, तेही तोंड न उघडता. सरपंचांनी उंबऱ्यावरची किल्ली उचलून हौसाबाईपुढे धरली.

"मी ठेवली तिथंच ठेवा," ती म्हणाली. "काम झालं की माझी मी उचलीन."

सरपंचांनी ती परत उंबऱ्यावर ठेवली. दिवेलागणीला बारा पत्रे निघाले, तेव्हा हौसाबाईने किल्ली उचलून कमरेला लावली आणि भट्टी पुन्हा पेटवली. स्वच्छ पत्र्यावरची पहिली नानकटाई, बेदाण्याची, तिने ठकूआजीच्या हातावर ठेवली. आजीने डोळे मिटले, आणि या वेळी बराच वेळ उघडले नाहीत.

भिकूशेठनी पुढच्या वर्षी देवळाला घंटा दिली. तिच्यावर नाव घातलेच. खोड एका दिवसात जात नाही. पण भट्टीवरच्या त्या पत्र्यांवर आज अक्षर नाही, आणि गाव त्यांना अजून भिकूशेठचेच पत्रे म्हणते.

तात्पर्य: दान दिले की त्यावरचे आपले नाव आपल्याच हाताने सोडवावे. आणि जे अन्नात जायला नको ते घासताना, समोर कुणीही येऊन उभा राहो, हात थांबवू नये.