विसाव्याची पाळी

एकदा एक शिष्य आपल्या कामाच्या प्रगतीचे कागद घेऊन गुरुजींकडे आला. प्रगती उत्तम होती आणि शिष्य काळजीत होता. आता प्रगती उत्तम असताना काळजी कसली, असं तुम्ही विचाराल. तेच तर त्याला कळत नव्हतं. म्हणून तर बिचारा भर दुपारची बस पकडून आला होता.

गुरुजींचं नाव सांगत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. एवढंच सांगतो, की चाळीस वर्षं त्यांनी शाळाशाळांसाठी खेळ रचले. पुठ्ठ्याचे, सोंगट्यांचे, चिठ्ठ्यांचे. शिष्य कौस्तुभ त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि पुढे मोबाइलवरचे खेळ करू लागला. एका मोठ्या महाविद्यालयानं त्याला काम दिलं होतं. अभ्यास करकरून पार पिचून गेलेल्या मुलांना जरा विश्रांती घ्यायला लावील, असं खेळाचं ॲप त्याला करायचं होतं. त्यानं ते केलं आणि नाव ठेवलं 'विसावा'. वसतिगृहातल्या ऐंशी मुलींनी ते दीड महिना वापरून पाहिलं. येत्या सोमवारी समितीची बैठक होती. कौस्तुभनं 'हो' म्हटलं, की ते तीन हजार विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये जाणार होतं.

गुरुजी नुकतेच जेवून आरामखुर्चीत टेकले होते. "सांग तुझा खेळ," ते म्हणाले.

"रोज तीनदा ॲप सांगतं, आता थांब. फोन पालथा ठेवायचा, डोळे मिटायचे. वीस मिनिटांनी घंटा वाजते. त्यानंतर दोन मिनिटांत पडद्यावरच्या झाडावर बोट ठेवायचं, म्हणजे विसाव्याची नोंद होते आणि झाडाला पान फुटतं. बोट ठेवलं नाही तर पान गळतं. तीनदा चुकलं की झाड वाळतं. आणि आठ मैत्रिणींची मिळून एक बाग असते. एकीचं झाड वाळलं, की आठही जणींची बाग जाते."

"हे बागेचं कुणाला सुचलं?"

"मलाच," कौस्तुभ लाजून म्हणाला. त्या युक्तीवर त्याचा भारी जीव होता.

मग त्यानं कागद पुढे केले. शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा मुलींनी वेळेवर बोट ठेवलं होतं. असा आकडा या धंद्यात कुणाला स्वप्नातही दिसत नाही. पण रोजच्या शेवटी ॲप एक साधा प्रश्न विचारायचं, आज कसं वाटतंय? पहिल्या आठवड्यातली उत्तरं होती 'ठीक', 'बरं'. सहाव्या आठवड्यातली होती 'दमले', 'डोकं जड', आणि एकीनं तर नुसतं एक टिंब टाकलं होतं.

"गुरुजी, विसावाही वाढतोय आणि थकवाही वाढतोय. मला काही म्हणजे काही उमगेना. वीस मिनिटं कमी पडतात का? पंचवीस करू? घंटा जरा मंजूळ करू?"

"माझ्या फोनमध्ये घाल बघू ते," गुरुजी म्हणाले. कौस्तुभनं घातलं. ॲपनं गुरुजींना सांगितलं, आता थांबा. गुरुजींनी फोन शेजारच्या स्टुलावर पालथा ठेवला, चष्मा काढला आणि पाचव्या मिनिटाला ते चक्क घोरू लागले.

कौस्तुभ समोर बसून राहिला. वीस मिनिटांनी घंटा वाजली. गुरुजी हलले नाहीत. घंटेचा आवाज ऐकून आतून काकू लगबगीनं आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "उठवशील तर खबरदार! गुडघा ठणकतोय यांचा, महिनाभर डोळ्याला डोळा नाही. झोपू दे." आणि आल्या तशा परत गेल्या.

एक मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं. कौस्तुभनं एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा फोनकडे. शेवटी त्याला राहवेना. त्यानं हळूच फोन सुलटा केला आणि झाडावर स्वतःचं बोट ठेवलं. टुणकन पान फुटलं. त्याला हायसं वाटलं.

गुरुजी दोन तासांनी उठले. चहा आला. चष्मा लावून त्यांनी फोन पाहिला. "अरेच्चा! मला पान फुटलं की! मी कधी उठलो होतो?"

"मी ठेवलं बोट, गुरुजी. तुम्ही इतके गाढ झोपला होतात. पहिल्याच दिवशी पान गळायला नको म्हणून..."

"बरं केलंस," गुरुजी म्हणाले आणि बशीत चहा ओतून निवांत प्यायले. कौस्तुभ वाट बघत होता, की आता काहीतरी बोलतील. छे! बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझ्या ऐंशी मुलींत पहिली कोण?"

"प्रांजल ठोंबरे. दीड महिन्यात एक पान गळलेलं नाही. समितीपुढे तिचंच उदाहरण देणार आहे."

"मग उद्या तिच्या घंटेच्या वेळी तिला भेट. घंटा वाजल्यावर ती काय करते ते बघ आणि इकडे ये."

आपण विचारलं काय आणि हे सांगतात काय, असं कौस्तुभला झालं. वयोमानानं गुरुजींचं लक्ष जरा उडालंय, अशी शंकाही त्याच्या मनात येऊन गेली. पण गुरुजींचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेक्टरबाईंची परवानगी काढून तो वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत बसला. थोड्या वेळानं प्रांजल जिना उतरून आली. वीसेक वर्षांची बारीक चणीची मुलगी, डोळे सुजलेले, आणि हातात मेसचं स्टीलचं ताट. ताटात आठ फोन होते.

"सॉरी हं सर, एकच मिनिट. वाजायची वेळ झालीय."

तिनं ताट टेबलावर ठेवलं. एकामागून एक घंटा वाजू लागल्या. प्रांजलनं भराभर आठही झाडांवर बोट ठेवलं. आठ पानं फुटली. मग ती कौस्तुभकडे वळून छानसं हसली.

"हे काय आहे?" कौस्तुभनं विचारलं.

"आज माझी पाळी आहे ना सर. बाकीच्या अभ्यासिकेत बसल्यात." तिनं सगळं मोकळेपणानं सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. "आमच्यातली वैदेही मागे तापानं फणफणली होती. तशातही उठून उठून बोट ठेवायची. म्हणायची, माझ्यामुळे तुमची बाग नको जायला. आम्हाला बघवेना. मग आम्ही पाळ्या लावल्या. कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलाय."

"मग तू विसावा कधी घेतेस?"

"पाळी नसते तेव्हा घेता येतो. पण पडलं तरी मन लागत नाही. आता वाजली असेल, जिची पाळी आहे ती विसरली तर नसेल, असं येत राहतं डोक्यात." मग कौस्तुभचा चेहरा पाहून ती एकदम घाबरली. "सर, आमचं काही चुकलं का? बाग काढून तर घेणार नाही ना?"

कौस्तुभ तिला काय बोलला, ते त्याचं त्यालाही आठवत नाही. गुरुजींकडे पोचला तेव्हा तो रागानं नुसता धुमसत होता.

"फसवलं हो गुरुजी! दीड महिन्याची मेहनत पाण्यात गेली. माझे सगळे आकडे खोटे! सोमवारी कुठल्या तोंडानं उभा राहू?"

गुरुजींनी त्याला मनसोक्त बोलू दिलं. मग विचारलं, "काल माझ्या फोनवर तू बोट ठेवलंस. तेव्हा तू कुणाला फसवलंस?"

"मी? मी तर तुमची झोप मोडू नये म्हणून..."

"झोप माझी मोडलीच नव्हती. मी घंटेलासुद्धा दाद दिली नाही. तू पान वाचवलंस." गुरुजी पुढे वाकले. "अरे, ज्याच्यासाठी तू एवढा खटाटोप केलास, ती विश्रांती साक्षात तुझ्यासमोर घोरत होती. आणि तू फोनकडे बघत होतास."

कौस्तुभची मान खाली गेली. गुरुजींचा स्वर मवाळ झाला.

"तुला बोल लावत नाही. हरण्याची भीती घातल्याशिवाय खेळ रंगत नाही, हे मीच तुला शिकवलं. ताज्यातवान्या पोरांना ते ठीकच आहे. पण जो आधीच ओझ्यानं वाकलाय, त्याच्या हातातलं काहीतरी आपण खाली उतरवून घ्यायचं, की आणखी एक वस्तू द्यायची सांभाळायला? तू त्या मुलींना एकेक झाड दिलंस आणि वर सात-सात मैत्रिणींची झाडं दिलीस. गुणी मुली त्या. जीव तोडून सांभाळली त्यांनी. आकडे खोटे नाहीत तुझे. ते त्यांच्या कष्टांचे आहेत, विश्रांतीचे नाहीत."

"मग विश्रांती मोजायची कशी?"

"ते मला ठाऊक नाही."

"गुरुजी, असं काय करता! सोमवारी मी काय सांगू?"

"खरंच ठाऊक नाही रे," गुरुजी म्हणाले. "उगाच कशाला तोंडाला येईल ते सांगू?"

कौस्तुभ आला होता एक कोडं घेऊन आणि परतताना त्याच्याकडे दोन झाली होती. शुक्रवारी त्यानं पानं गळणं काढून टाकलं. झाडं वाळणं काढलं, घंटा काढली, बोट ठेवणं काढलं. बागेची ती लाडकी युक्ती त्यानं सगळ्यात शेवटी काढली. नंतर त्यानं ऐंशी जणींना एक ओळ पाठवली, 'बाग कुणाचीच जाणार नाही. तिच्याकडे आता बघावं लागणार नाही.'

शनिवारी अकरा मुलींनी ॲप उघडलं. रविवारी चौघींनी. मुली झोपल्या आहेत, की अभ्यासाला जुंपून घेतलंय, की ॲपलाच कंटाळल्यात? काही केल्या कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. "शुक्रवारपर्यंत शंभरात चौऱ्याण्णव, आणि काल ऐंशीत चार? बंद पडलं का हे?"

"नाही सर, चालू आहे."

"मग मुली विश्रांती घेतायत की नाही?"

"माहीत नाही, सर," कौस्तुभ म्हणाला. "मागच्या आठवड्यात विचारलं असतंत तर घेतायत असं ठासून सांगितलं असतं, आणि ते साफ चूक ठरलं असतं. तीन हजार मुलांना हे इतक्यात देऊ नका. मला अजून समजलेलं नाही."

खोलीत कुजबुज झाली. एकानं घड्याळात पाहिलं. पुढच्या सत्रानंतर बघू, असं म्हणून अध्यक्षांनी कागद बाजूला सारले आणि वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीचा विषय घेतला.

कौस्तुभ बाहेर येऊन पायरीवर बसला. हातचं काम गेल्यात जमा होतं, आणि तरीही छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. ते का, हेही त्याला सांगता आलं नसतं. त्यानं फोन काढला. प्रांजलचा सकाळी आलेला निरोप तसाच पडून होता.

'सर, काल जेवून पडले ती चार तास झोपले. कुणीच उठवलं नाही. असं चालतं ना?'

त्यानं तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले. त्यानं लगेच लिहिलं, 'चालतं!' पाठवायला बोट टेकवणार, एवढ्यात त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सव्वादोन वाजले होते. जेवणं आटोपून कदाचित आत्ताच कुठे ती आडवी झाली असेल.

त्यानं फोन खिशात ठेवला. उत्तर संध्याकाळी दिलं तरी चालण्यासारखं होतं.