उन्हातला स्टोव्ह

एकदा एक भांड्यांचा व्यापारी, स्वतःच्या दुकानात छतापर्यंत पातेली रचलेली असताना, शीतपेयाच्या रिकाम्या डब्यावर चहा करायला डोंगर चढला. हसा, आत्ताच हसून घ्या. पुढे फारसे हसायला मिळणार नाही.

तो डबा म्हणजे दिगंबर नावाच्या त्याच्या मित्राने केलेला स्टोव्ह. दोन डब्यांची बुडे कापून एकात एक बसवायची, कडेने सुईने भोके पाडायची, मध्ये थोडे स्पिरिट ओतून काडी लावायची. झाला स्टोव्ह. पंप नाही, पिन नाही, आवाज नाही आणि वजन म्हणाल तर खिशातल्या रुमालाएवढे. स्पिरिट म्हटल्याबरोबर काही सज्जन वाचकांनी चष्मा सारखा केला, ते माझ्या ध्यानात आले आहे. हे जाळायचे स्पिरिट, महाराज. प्यालात तर दृष्टी जाईल आणि पुढची गोष्ट दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागेल.

हे दोघे मित्र दर हिवाळ्यात एका गडावर जात. लोक पाठीवर अख्खा संसार बांधून डोंगर चढतात आणि वर पोचल्यावर शांततेविषयी बोलतात. यांच्याकडे एक पिशवी, एक पातेले आणि हा डबा. दिगंबर देहाने विशाल, त्यामुळे चढताना सदैव मागे. पण वर पोचला की राजा. स्टोव्हला तो कोणाला बोट लावू देत नसे. व्यापारी पुढे सरकला की म्हणे, "तू लांब बस. तुझ्या हातात पातेले आले की तू आधी ते वाजवून बघतोस." मग बेसूर शिट्टी वाजवत चहा करी, आणि तो चहा इतका गोड असे की मुंग्यांनीसुद्धा पाणी मागावे.

गेल्या पावसाळ्यात दिगंबर गेला.

व्यापारी रडला, दुकान बंद ठेवले, जेवेना. मग माणसे करतात तेच त्याने केले. दुकान उघडले. लग्नसराई आली, गिऱ्हाईक आले, घासाघीस आली. आणि हिवाळा सुरू झाला तसा एके सकाळी तो गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्धाच्या दारात उभा राहिला. या वृद्धानेच दोघांना तरुणपणी डोंगर चढायला शिकवले होते. शिष्याचे केस पिकले तरी गुरूची जीभ काही पिकली नव्हती.

"या शेठ! पोट पुढे आले आणि मागून तुम्ही आलात," वृद्ध म्हणाला.

व्यापारी हसला नाही. "आबा, परवा जेवायला बसलो आणि लक्षात आले, की दिवसभरात दिग्याची एकदाही आठवण झाली नाही. एकदाही नाही. त्याची शिट्टी आठवायला गेलो, तर तीही येईना. शाळेपासूनचा मित्र, आबा. वर्षही झाले नाही आणि मी त्याला पुसून टाकला."

"मग आता?"

"त्याचा स्टोव्ह आणलाय. वर, त्याच कातळावर, तो करायचा तसाच चहा करीन. तिथे तरी तो मला आठवेल."

"आणि नाही आठवला तर?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. म्हणाला, "तर मग तो खरोखरच गेला."

वृद्धाने कोपऱ्यातली काठी उचलली आणि म्हणाला, "चल. मलाही चहा हवाच होता."

दुपारच्या सुमारास दोघे कातळावर पोचले. ऊन लख्ख होते, वारा बोचरा होता, खालचे धरण आरशासारखे चमकत होते. सगळे तसेच होते. व्यापारी वाट पाहत बसला. पोटात भूक जाणवली, गुडघ्यात कळ जाणवली. मित्र काही जाणवला नाही.

घाबऱ्याघुबऱ्या त्याने डबा काढला. मापाने स्पिरिट ओतले, काडी लावली, वाऱ्याला पत्र्याचा आडोसा केला, वर पाण्याचे पातेले ठेवले आणि वाकून पाहू लागला. ज्योत दिसेना. पाण्यात बोट घातले, पाणी गार. पातेले उतरवून डब्यात डोकावला. आत काहीच नाही.

"विझला," तो म्हणाला. "आबा, हाही विझला." आणि स्पिरिटची बाटली उघडून तो डब्यावर वाकला.

इतक्यात वृद्धाने बसल्या जागेवरून काठीचा असा टोला हाणला, की विटीदांडू खेळणाऱ्या पोरांनी पाया पडावे. बाटली उडाली, दूर खडकाच्या खाचेत जाऊन पडली आणि सगळे स्पिरिट कातळाने पिऊन टाकले.

व्यापारी उठून उभा राहिला. गुरूवर त्याने आयुष्यात प्रथमच आवाज चढवला. "काय केलेत हे? एवढेच होते माझ्याजवळ! आता चहा कशावर करू? तुम्हाला थट्टा सुचते आणि इथे माझा…"

वृद्धाने वाळक्या गवताची एक काडी उपटली आणि त्या रिकाम्या दिसणाऱ्या डब्यावर धरली. काडीचे टोक काळे पडले, वाकले आणि भुर्रकन पेटले.

डबा जळत होता. पहिल्यापासून जळत होता.

काडी कातळावर घासून विझवत वृद्ध म्हणाला, "ओतले असतेस, तर धार पेटत बाटलीपर्यंत आली असती. भुवया जड झाल्यात का रे तुला?" मग त्याने पातेले पुन्हा डब्यावर ठेवले आणि व्यापाऱ्याला हाताला धरून खाली बसवले. त्याचा आवाज मऊ झाला.

"स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, बाळा. ऊन तिच्यापेक्षा मोठे असते, एवढाच तिचा अपराध. तुझ्या दुकानात सकाळपासून ऊनच असते. गिऱ्हाईक, लग्नाची भांडी, पोरांच्या फिया. त्यात दिगंबर दिसला नाही म्हणून तो विझला असे तू ठरवलेस, आणि त्याच्यावर दुःख ओतायला एवढा डोंगर चढून आलास. जळत्यावर ओतू नये. माणूस भाजतो."

"पण मला खरेच काही वाटत नाही, आबा. इथे येऊनसुद्धा."

"नाही वाटत? मघाशी त्या घसरड्या चढावर तू थांबलास आणि मागे हात केलास. चांगला लांब केलास. मी तर तुझ्या पुढे होतो. मागे कोण होते रे?"

व्यापाऱ्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. त्याला ते ठाऊकच नव्हते. त्या चढावर दर हिवाळ्यात तो विशाल देह धापा टाकत, शिव्या देत, त्याच हाताला लोंबकळून वर येत असे.

मग तो रडला. हाताने तोंड झाकून नव्हे, तर मोकळ्या वाऱ्यात, लहान मूल रडते तसा. वृद्धाने त्याला थांबवले नाही. त्याने दरम्यान चहाची पूड, साखर टाकली, दुधाची पावडर टाकली आणि पातेल्यावर लक्ष ठेवले, कारण रडणारा माणूस चहा उतू घालवतो हे त्याला माहीत होते.

चहा गाळून झाला. दोघांनी तो प्यायला. वृद्ध जाऊन खाचेतली रिकामी बाटली घेऊन आला आणि निघण्याची खूण केली.

व्यापारी उठला नाही. डब्यात अजून ज्योत होती की संपली होती, ते त्या उन्हात कळत नव्हते, आणि त्याने वाकून पाहिलेही नाही. त्याने फक्त तळवा थोड्या अंतरावर धरला आणि ऊब लागत होती तोवर तसाच धरून ठेवला.

तुम्हीही कोणाला विसरलात असे वाटून स्वतःला बोल लावत असाल, तर आधी एवढे करून पाहा.