दोन ठिपक्यांची पोथी

शके अठराशे चौपन्न. त्या साली कवडीमहाराजांचा मुक्काम माडवेळ बंदरावर होता. बंदर म्हणजे एक दगडी धक्का, कोळ्यांची चाळीस घरे, अकरा मचवे आणि टेकाडावर सरकारी बंदर कचेरी. कचेरीच्या मागे देवीच्या देवळाच्या पडवीत महाराज राहत. गळ्यात एक कवडी आणि खांद्यावर काळी घोंगडी, एवढाच त्यांचा संसार.

कचेरीत झाडलोट करायला आवडाबाई होती. नवरा दर्याने नेलेला. मुलगा धर्मा आता स्वतः तांडेल झालेला, मचवा घेऊन दर्यावर जाणारा. काही वर्षांपूर्वी तिने महाराजांचे पाय धरून म्हटले होते, "म्हाराज, बाया पोथ्या वाचतात. मला अक्षर ओळखता येत नाय. मी काय करू?"

महाराज म्हणाले, "तुझी पोथी कचेरीच्या भिंतीवर टांगली आहे. रोज दोनदा बघत जा. सकाळी दहाला आणि दुपारी चारला."

भिंतीवर हवेचा दाब सांगणारे घड्याळासारखे पितळी यंत्र होते. आवडाबाई ते पुसता पुसता बघू लागली. सकाळी दहाला काटा जरा वर असे, चारला जरासा खाली आलेला असे. रोज तसेच. उन्हाळा असो, पाऊस असो. दहाच्या जागी तिने काचेवर कुंकवाचा ठिपका लावला, चारच्या जागी हळदीचा. ऋतू बदलला की ठिपके थोडे सरकवावे लागत, पण काट्याचे ते वरखाली होणे कधी चुकत नसे. "दर्या श्वास घेतो नि सोडतो," ती म्हणे, आणि त्या दोन ठिपक्यांना हात जोडून केरसुणी उचले.

कचेरीचे कारकून त्र्यंबकराव यांना या प्रकाराची मोठी करमणूक वाटे. ते सकाळी एकदा आकडा लिहीत आणि वही मिटत. "आवडे, आज यंत्रदेवाला नैवेद्य काय? उद्या दौतीची ओटी भर हो." धक्क्यावरची माणसे जमली असली की आवाज आणखी चढे. "अगं, वादळ कुठे आहे ते वरच्या कचेरीला कळतं. ते तारेने कळवतात. मग आपण बावटा चढवतो. कुंकवातून वादळ दिसत नसतं."

बावटा म्हणजे वेताची मोठी काळी टोपली. ती खांबावर चढली की मचव्यांनी परत फिरायचे. टोपली कपाटात कुलूपबंद असे, आणि किल्ली त्र्यंबकरावांच्या जानव्याला.

कार्तिक वद्य पंचमीला अकराही मचवे पहाटेच गेले. वारा नव्हता. पाणी तेलासारखे पडलेले. पण लाटा वेगळ्या येत होत्या. जाड, संथ, फार लांबून आलेल्या. दोन लाटांच्या मध्ये माणसाने चारदा रामनाम घ्यावे, आणि मग धक्क्यावर असा दणका बसे की कचेरीची तावदाने थरथरत. आवडाबाईचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

दहाचे ठोके पडले. तिने यंत्राकडे पाहिले. काटा कुंकवापाशी आला नव्हता. तो हळदीच्याही खाली होता. तिने ठिपके सांभाळून पदराने काच पुसली, पुन्हा पाहिले.

"रावसाहेब, काटा उतरलाय."

"रोज उतरतो म्हणतेस ना तूच?"

"उतरतो चारला. दहाला नाय."

"मग आज त्याला घाई असेल."

"बावटा चढवा. धर्मा दर्यात आहे. सगळे दर्यात आहेत."

"तार आली?"

"नाय."

"मग बावटा नाही. तारेवाचून चढवला तर माझी नोकरी जाईल. ती काय तुझी हळद भरून देणार?" त्यांनी सदऱ्यावरूनच जानव्याची किल्ली चाचपली आणि वही ओढली.

ती धक्क्यावर धावली. दर्या मोकळा. परत टेकाड चढून आली. काटा आणखी सरकला होता. तशीच ती पडवीत गेली. महाराज पहाटेपासून येरझाऱ्या घालीत होते. भाकरी पानावर तशीच पडलेली.

"श्वास चुकला ना?" महाराजांनी विचारले.

"होय म्हाराज."

महाराजांनी खांद्यावरची घोंगडी काढली. "सरकारचा बावटा राहू दे सरकारच्या कपाटात. हा माझा घे. चढव."

"मचवे दहा कोस आत असतील. एवढीशी घोंगडी कोणाला दिसणार?"

"दिसायचं मी बघतो. तू दोरी ओढ."

दोघे कचेरीपुढच्या खांबापाशी आले, तिने दोरी ओढली. घोंगडी खांबाच्या टोकाला गेली. त्र्यंबकराव तरातरा बाहेर आले. "उतरव ती आधी!"

महाराज शांतपणे म्हणाले, "त्र्यंबकराव, बैराग्याने घोंगडी वाळत घातली आहे. त्यालाही तार लागते का?"

जमलेली माणसे हसली. त्र्यंबकरावही हसले, पण जरा उशिराने. "वाळू दे, वाळू दे," म्हणत ते आत गेले.

आवडाबाईने दोरी सोडली नाही. बारा वाजले, दोन वाजले. ढगांना तांबूस कड आली. चार वाजता पहिले शीड दिसले, मग तीन, मग पाच. अकरावे धर्माचे. मचवे वर ओढून होतात न होतात तोच दिवेलागणीला वारा फुटला. दोन दिवस तो थांबला नाही. अर्धा धक्का गेला, घरांची कौले गेली. माणूस एकही गेला नाही.

धर्मा आईला म्हणाला, "आये, केवढा बावटा चढवला होतात! टेकाडाएवढी काळी टोपली. मी मचवा वळवून बघितलं, तरी ती समोरच." बाकीचे तांडेलही हेच सांगू लागले.

त्र्यंबकराव दाराशी उभे राहून ऐकत होते. कपाट बंद होते. किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

तिसऱ्या दिवशी तार आली. वाटेत तारेचा एक खांब आदल्या रात्रीच पडला होता, म्हणून अडकली होती. 'बावटा चढवा,' असा हुकूम. पाठवल्याची वेळ पंचमीची, सकाळी सव्वादहा. त्र्यंबकरावांनी ती दोनदा वाचली आणि अनवाणी देवळाकडे निघाले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराज म्हणाले, "मी तर घोंगडी वाळत घातली होती. पोथी तिने वाचली."

आवडाबाई अंगण झाडत होती. त्र्यंबकराव तिच्यापुढे वाकले तेव्हा केरसुणी कुठे ठेवावी हेच तिला कळेना.

महाराज त्याच फाल्गुनात माडवेळ सोडून पुढे गेले. घोंगडी मागे ठेवून गेले. ती देवीच्या गाभाऱ्यात होती, विरून राखाडी होईतो. धर्मा म्हातारपणापर्यंत तांडेल राहिला आणि आई होती तोवर तिला विचारल्याशिवाय त्याने मचव्याचा दोर सोडला नाही. आवडाबाई अक्षर अखेरपर्यंत शिकली नाही. त्र्यंबकराव पेन्शनीत निघेपर्यंत दहाला आणि चारला स्वतः उठून काटा बघत, आणि ऋतू पालटला की ठिपके सरकवायला तिलाच बोलावत. कपाटाची किल्ली मात्र त्यांनी तेव्हाच जानव्यातून सोडली होती. यंत्राशेजारी खिळा ठोकून तिथे टांगली, आवडाबाईचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.