कल्हईची तार

एकदा एका बंदरावर होड्यांची वायरिंग करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सारे बंदर त्यांना बाबा म्हणे. त्यांच्याकडे एक शिष्य आला, चांगला तिशीतला. शहरात ट्रकांची वायरिंग करून त्याचा हात बसला होता आणि हाताबरोबर मानही थोडी ताठ झाली होती. वर्षभर पडेल ते वरकाम केल्यावर बाबांनी त्याला पहिली अख्खी होडी सोपवली. "ही नीट पार पाडलीस की पुढच्या होड्या तुझ्या," ते म्हणाले. शिष्याला आभाळ ठेंगणे झाले.

होडी एका नाखविणीची होती. तिचे दोन्ही मुलगे ती घेऊन खोल पाण्यात जाणार होते. बाबांनी मागवून ठेवलेल्या तारेचे टोक शिष्याने सोलले, तर आत पांढरी तार. दुकानदाराने म्हाताऱ्याला ॲल्युमिनियम देऊन गंडवले, असे म्हणत तो मनाशी हसला. बाबांना वाईट वाटू नये म्हणून त्याने ते भेंडोळे गुपचूप कोपऱ्यात सारले आणि आपल्या पसंतीची लाल लखलखीत तांब्याची तार आणली. तीन दिवसांत ती त्याने इतकी देखणी बसवली, की येणारे-जाणारे थांबून पाहू लागले.

चौथ्या दिवशी बाबा आले. त्यांनी एक टोक निरखले, कोपऱ्यातल्या भेंडोळ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आज सगळ्यांसाठी आमसुलाचं सार तू कर."

शिष्य चक्रावला. होडी दोन दिवसांनी पाण्यात जायची आणि यांना सार सुचते आहे. पण गुरूची आज्ञा. बाबांच्या खोपटातल्या फळीवर तांब्याची दोन पातेली होती. एक घासून लालबुंद केलेले, दुसरे आतून पांढरट. त्याने सरळ पांढरट उचलले.

"ते चकचकीत का नाही घेतलंस?"

"बाबा, त्याला कल्हई नाही. आंबट घातलं की सार कळकेल. आईनं बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं."

"बरं. आता हे खरवड." बाबांनी पांढऱ्या तारेचा तुकडा आणि चाकू त्याच्या हाती दिला.

शिष्याने खरवडले. पांढऱ्याखालून लाल तांबे दिसले. त्याचा चेहरा पाहून बाबांना हसू आवरेना.

"ही तारेची कल्हई," ते म्हणाले. "आतल्या प्रत्येक बारीक तारेला कथिल लावलेलं आहे. समुद्राचं खारं पाणी टोकातून शिरतं आणि प्लॅस्टिकखालून हातभर आत जातं. नुसतं तांबं तिथं काळंहिरवं पडतं, वरून मात्र सगळं नवं दिसतं. मग भर वाऱ्यात नाखविणीच्या पोरांचा दिवा जातो, वायरलेस मुका होतो. अरे, तुला हे ठाऊकच होतं. फक्त तू ते स्वयंपाकघरात ठेवून आला होतास."

आता शिष्यही खळखळून हसला. भरपेट सार पिऊन त्याने आपली देखणी वायरिंग स्वतःच्या हाताने उपसून काढली आणि दोन दिवस पाठ न टेकता पांढरी तार बसवली.

होडी वाजतगाजत पाण्यात उतरली. सगळे दिवे लागले. नाखवीण आनंदाने म्हणाली, "वायरिंग कोनी केली रं?"

बाबांनी शिष्याकडे बोट दाखवले. शिष्य म्हणाला, "मीच केली, मावशी. एकदा दिसायला आणि एकदा टिकायला."

बाबांना एवढेच ऐकायचे होते. शेजारची होडीही त्यांनी त्याच्याच हाती दिली.