शनिवारचा लियाँचा फोन

‘...पण मग चुका संपतात तरी कधी, मादाम?’

शिकवणीला घरी आलेल्या केतकी सबनीसनं हे विचारलं तेव्हा मादाम गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांचं खरं नाव सरोजिनी पाध्ये. पण पस्तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवल्यावर भाजीवालीसकट सगळी पेठ त्यांना मादामच म्हणायची.

केतकी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. दहावीला फ्रेंचमध्ये शंभरपैकी शंभर. मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेणारे वर्गात ढिगानं होते; अकरावीत वरच्या पातळीचं फ्रेंच घ्यायची हिंमत तिघांनीच केली. त्या तिघांत आपण पहिल्या, हे केतकी कुणाला विसरू देत नसे.

आता बारावी. तोंडी परीक्षेसाठी तिनं चाळीस विषय घोकून ठेवले होते. प्रदूषण, पर्यटन, मोबाइलचे दुष्परिणाम... सराव परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी त्यातला एकही काढला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, आज तू निघालीस तेव्हा घरात काय चाललं होतं?

केतकीची दातखीळ बसली. एखादी चूक होईल या भीतीनं तिनं तोंडच उघडलं नाही. खरी परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि पोरीची पाचावर धारण बसली होती.

मादामनी घड्याळाकडे पाहिलं, हात पदराला पुसले. दर शनिवारी चार वाजता त्या फ्रान्समधल्या लियाँला, एलेनला फोन करत. तरुणपणी तिकडे शिकायला गेल्या तेव्हा तिच्याच घरी राहिल्या होत्या. चाळीस वर्षांत या फोनला खंड पडला नव्हता.

‘बस इथे. ऐक,’ म्हणाल्या, आणि स्पीकर सुरू केला.

केतकीनं कान टवकारले आणि तिला धक्काच बसला. मादाम चक्क चुकत होत्या. एकदा तर शब्दच सापडेना, तेव्हा ‘ते हे गं, ते’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून खुशाल पुढे गेल्या. केतकीनं हळूच वही उघडली. फोन संपेपर्यंत सात चुका लिहून झाल्या. खरं सांगायचं तर तिला जरा बरंही वाटलं.

तिनं वही पुढे केली. मादामनी चष्मा लावून यादी वाचली.

‘सातही बरोबर पकडल्यास.’

‘सॉरी, मादाम...’

‘एलेन का रडत होती?’

‘...रडत होत्या?’

मादामनी वही मिटली. मग त्यांनी सांगितलं. एलेनच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेलं चेरीचं झाड परवाच्या वादळात पडलं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मादामनी पुन्हा तोच नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

‘मी काय बोलू?’

‘मला काय माहीत?’

पलीकडून एलेनचा म्हातारा आवाज आला. चाळीस विषयांत चेरीचं झाड नव्हतं. केतकीनं अडखळत, वाक्यं अर्धी टाकत, झाडाचं ऐकून वाईट वाटल्याचं सांगितलं. मग आपसूकच तोंडून निघालं, की आमच्या दारातला चाफाही गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना तोडला. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

एलेननं विचारलं, त्याचं काहीच उरलं नाही?

उरलं होतं. आईनं एक फांदी कुंडीत लावली, ती जगली. पण कुंडीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते केतकीला आठवेना. शेवटी ती ‘झाडाचं छोटं घर’ म्हणाली.

पलीकडे एलेन हसली. नाक ओढत, पण खळखळून हसली. त्या छोट्या घरात माती कुठली घातली, पाणी किती दिलं, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं. केतकी वीस मिनिटं बोलत होती.

फोन ठेवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता. कितीतरी दिवसांनी तिला सपाटून भूक लागली.

पण सवय जाते थोडीच.

‘मादाम, माझ्या किती चुका झाल्या?’

मादाम पुन्हा गवार मोडायला बसल्या होत्या.

‘कुणास ठाऊक,’ त्या म्हणाल्या. ‘मी एलेनचं हसणं ऐकत होते.’